प्लेगच्या सरकारी अहवालांचें तात्पर्य

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं गांठीच्या तापाचा रोगी प्रथम ओळखला. तेव्हांपासून पुढील पांच वर्षांत या साथीसंबंधीं सरकारनें जें कांहीं छापलें त्याचा ढीग लहान नाहीं. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा अहवाल, प्लेग कमिटीचे अध्यक्ष ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांचा अहवाल, कौचमन यांनीं सिद्ध केलेली मुंबई इलाख्यांतील प्लेग-व्यवस्थेची हकीकत, हीं तीन १८९७ सालचीं. नेथन यांनीं चार भागांत दिलेला सर्व हिंदुस्थानचा वृत्तान्त १८९८ चा. कॉन्डन यांचा ग्रंथ १९०० चा. आणि त्यापाठोपाठ इंडियन प्लेग कमिशनचे खंड. एका साथीसंबंधीं इतकीं साधनें उपलब्ध असणें हें संशोधकाचें भाग्यच म्हटलें पाहिजे. परंतु मराठींत या साधनांचा उपयोग बहुधा एकाच कामीं झाला आहे. पुण्यांत रँडसाहेबानें जुलूम केला कीं नाहीं, केला असल्यास किती केला, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें तें त्याचें उचित फल होतें कीं नव्हतें, या एका वादांत वादी व प्रतिवादी दोघेही हेच अहवाल पुराव्यास काढीत आले आहेत.

हा वाद खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो अपुरा आहे, आणि सरकारच्या सोयीचा आहे, एवढेंच आमचें म्हणणें. अन्याय एका माणसाच्या स्वभावांत होता असें एकदां ठरलें, म्हणजे तो माणूस गेल्यावर अन्यायही गेला असें ओघानेंच ठरतें. आणि तो माणूस क्रूर नव्हता असें कोणी सिद्ध केलें, तर अन्याय मुळीं झालाच नाहीं असेंही ठरतें. दोन्ही बाजूंनीं सरकारची नीति, तिचा कायदा, तिचें मोजमाप व तिची भाषा यांवर कोणाची दृष्टि जात नाहीं. हल्लींचे समाजशास्त्रज्ञ ज्याला रचनागत वंशभेद म्हणतात, म्हणजे जो भेद कोणा एकाच्या द्वेषावर अवलंबून नसून नियमांच्या बांधणींतच मुरलेला असतो, त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण आपल्या दारांत असतां आपण रँडसाहेबाच्या मुद्रेकडेच पाहत राहिलों.

ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं सहा लिंगें सांगितलीं आहेत. वेदवाक्यांसाठीं घडविलेलीं हीं साधनें सरकारी कागदांस लावणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु कर्ता आपल्या तोंडानें एक सांगत असतां ग्रंथ दुसरेंच सांगतो, अशी जेथें शंका येते तेथेंच या लिंगांचा खरा उपयोग. त्यांतील उपक्रमोपसंहार, अभ्यास, अर्थवाद आणि फल एवढीं प्रस्तुत कामास पुरेशीं आहेत.

१. उपक्रम व उपसंहार

वर सांगितलेले सर्व अहवाल मिळून एकच प्रबंध मानला, तर त्याचा उपक्रम ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं मंजूर झालेला सांथीच्या रोगांचा कायदा होय. कायदा अवघा चार कलमांचा. दुसऱ्या कलमानें नेहमींचे कायदे अपुरे वाटल्यास हवे ते तात्पुरते नियम करण्याची मोकळीक सरकारास मिळाली. तिसऱ्यानें ते नियम मोडणाऱ्यास शिक्षा ठरली. चौथ्यानें असें ठरलें कीं या कायद्याखालीं केलेल्या, किंवा सद्भावानें करूं इच्छिलेल्या, कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाहीं. सत्ता किती हें लिहिलें नाहीं. ती वापरतांना चुकल्यास दाद मिळणार नाहीं हें मात्र स्वच्छ लिहिलें. रोगी कोण ठरवावा, त्यास कोठें ठेवावें, त्याच्या घराची व चीजवस्तूची भरपाई कशी व्हावी, यांतील एकाही गोष्टीचा हक्क प्रजेस या चार कलमांत दिलेला नाहीं.

कायद्याची एवढी घाई कां झाली? साथ सुरू होऊन चार महिने लोटले होते व मुंबईचे लोक हजारोंनीं शहर सोडून चालले होते, हें एक कारण. दुसरें कारण समुद्रापलीकडचें आहे. त्याच फेब्रुवारींत व्हेनिस येथें युरोपीय राष्ट्रांची आरोग्य-परिषद प्लेगचा विचार करण्यास भरली. हिंदुस्थानचा माल व हिंदुस्थानची जहाजें युरोपच्या बंदरांत घेऊं नयेत अशी मागणी जोर धरील, हें भय सरकारास होतें. आपण कांहीं तरी कठोर करीत आहों हें युरोपास दाखविणें प्राप्त होतें, आणि तें ज्यांच्या घरांत करून दाखवावयाचें त्यांचें मत विचारण्याचें कारण नव्हतें. मांडवींतील व पुण्यांतील घरांचीं दारें सोजिरांनीं उघडलीं, त्यांच्या मागें व्हेनिसचा हा धाक उभा होता.

आतां उपसंहार पाहूं. इंडियन प्लेग कमिशन १८९८ त नेमलें गेलें. अध्यक्ष एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर. सभासद राइट, रूफर, ह्युएट आणि क्यूमिन. पांचही युरोपियन. रोग ज्यांच्या वस्तींत, मरण ज्यांच्या घरीं आणि उपायांचा भार ज्यांच्या अंगावर, त्यांच्यापैकीं एकही मनुष्य निवाड्यास बसला नाहीं. मुंबईंत त्या वेळीं नामांकित एतद्देशीय डॉक्टर होते. रोग प्रथम ओळखणारे तर तेच होते. त्यांस साक्षीदाराच्या जागीं उभें करण्यास हरकत वाटली नाहीं; न्याय देणाऱ्याच्या खुर्चीवर बसविणें मनांत आलें नाहीं. उपक्रमांत दाद बंद आणि उपसंहारांत एकपक्षीय निवाडा, या दोन टोकांमध्यें जें लिहिलें गेलें त्याचा अर्थ या दोन टोकांवरूनच लावला पाहिजे.

२. अभ्यास

अभ्यास म्हणजे पुनरुक्ति. ग्रंथकार जें पुन्हा पुन्हा सांगतो तें त्याच्या मनांत आहे असें समजावें. या अहवालांत फिरून फिरून येणारा विषय म्हणजे एतद्देशीयांचे पूर्वग्रह. लोक रोगी लपवितात, तो पूर्वग्रह. इस्पितळास भितात, तो पूर्वग्रह. घर सोडून पळतात, तोही पूर्वग्रह. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरण्यांतील सुमारें हजार मजूर आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, त्याचें कारणही त्याच सदरांत पडतें.

भीति अज्ञानाची होती हें कांहीं अंशीं खरें मानूं. परंतु ज्या इस्पितळांत गेलेल्यांपैकीं बहुतेक परत येत नाहींत, तेथें जाण्यास मजूर भ्याला, तर त्यानें आंकडेच मोजले असें म्हटलें पाहिजे. गांठीच्या तापावर त्या वेळीं औषध नव्हतें; रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक दगावत. युरोपियन मनुष्य रोगाच्या भयानें हवा पालटण्यास गेला तर ती दक्षता. मांडवींतला हमाल कोंकणांत आपल्या गांवीं गेला तर तो हट्ट. क्रिया एक, कर्ता निराळा, म्हणून नांव निराळें. ज्या ग्रंथांत कर्त्याच्या वर्णाप्रमाणें क्रियेचें नांव बदलतें, तेथें भेद भाषेच्या व्याकरणांतच शिरला आहे असें समजावें.

याच्या उलट सरकारी कृत्यें बहुधा कर्मणि प्रयोगांत येतात. घरें तपासलीं गेलीं, सामान जाळलें गेलें, माणसें हलविलीं गेलीं. प्रजेच्या कृत्यास कर्ता आहे, जात आहे, स्वभाव आहे. सरकारच्या कृत्यास कर्ताच नाहीं. मुंबईच्या मृत्युकोष्टकांत ब्राह्मण, लिंगायत, भाटिये, मुसलमान, पारशी, ज्यू, युरेशियन, युरोपियन असे रकाने नेमानें भरलेले आहेत. भाडें, मजुरी आणि एका खोलींत निजणारीं माणसें यांचा रकाना त्या कोष्टकांत नाहीं. जें मोजलें त्याचेंच कारण होतें. जात मोजली, म्हणून मरण जातीच्या चालीरीतींमुळें आलें असें वाचणाऱ्यास सहज वाटतें. खोली मोजली असती तर तें चाळीच्या मालकापर्यंत आणि म्युनिसिपालिटीपर्यंत जाऊन पोंचलें असतें.

३. अर्थवाद

अर्थवाद म्हणजे स्तुतीचीं वा निंदेचीं वाक्यें. तीं विधि सांगत नाहींत, विधीस बळकटी आणतात. पुण्याच्या प्लेग कमिटीच्या हकीकतींत अशा स्तुतीचें एक स्थळ आहे, त्याचा विचार बारकाईनें केला पाहिजे. पुण्यांत गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या १३ मार्च १८९७ रोजीं सुरू झाल्या व मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालल्या. एतद्देशीय नोकरांवर भरंवसा ठेवतां येत नाहीं, ते लांच घेतील, म्हणून सोजीर नेमले असें कारण सांगण्यांत आलें. म्हणजे वंशावरून इमान ठरविण्याचें काम नेमणुकीच्या पहिल्याच पायरीवर झालें. या सोजिरांच्या वर्तनासंबंधीं रँडसाहेबाची कमिटी समाधान व्यक्त करते. त्या समाधानाचा आशय असा कीं, स्त्रियांच्या मर्यादेचा जाणूनबुजून भंग झाल्याची विश्वास ठेवण्याजोगी तक्रार कमिटीकडे किंवा सोजिरांच्या वरिष्ठांकडे आली नाहीं.

विशेषणें एकेक करून पाहावीं. अपमान झाला नाहीं असें येथें म्हटलेलें नाहीं. तक्रार आली नाहीं असें म्हटलें आहे. कोणतीच तक्रार आली नाहीं असेंही नाहीं. विश्वास ठेवण्याजोगी आली नाहीं. आणि विश्वास ठेवावा कीं नाहीं हें ठरविणारा कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच, किंवा त्याचा वरिष्ठ. पुन्हा, भंग झाला असला तरी जाणूनबुजून झालेला नसावा. आणि जाणीव तर करणाऱ्याच्या मनांत असते, तेथें पुरावा पोंचत नाहीं. अशी तीन कुंपणें ओलांडून जी बाई वरिष्ठ सोजिरापुढें उभी राहील, तिचें नांव गांवांत उच्चारलें जाणार, तें वेगळेंच. एवढ्या अटी घातल्यावर तक्रार न येणें हें समाधानाचें कारण ठरत नाहीं. तें त्या अटींचें फळ आहे.

अटी कशा चालल्या याचीं तीन उदाहरणें सार्वजनिक आहेत. पंडिता रमाबाईंनीं मे १८९७ त ‘बाँबे गार्डियन’ या पत्रास लिहून पुण्याच्या प्लेग-इस्पितळांत व सेग्रेगेशन छावणींत स्त्रियांस कसें वागविलें जातें याविषयीं गाऱ्हाणें मांडलें. रमाबाई ख्रिस्ती होत्या. पुण्याच्या ब्राह्मणमंडळीशीं त्यांचें पटत नव्हतें हें सर्वश्रुत आहे. तेव्हां राजद्रोही ब्राह्मणांचें कारस्थान हें ठराविक उत्तर त्यांस लागू पडत नव्हतें. तरी गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारानें तें गाऱ्हाणें निराधार ठरविलें. दुसरें उदाहरण गोपाळराव गोखल्यांचें. ते वेल्बी कमिशनपुढें साक्षीस विलायतेस गेले असतां पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं तेथें आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर पत्रें लिहिणारे पुढें येईनात, नांवें देतां येईनात, म्हणून त्यांस सोजिरांची बिनशर्त माफी मागावी लागली. गोखल्यांच्या माफीनें आरोप सिद्ध करतां येत नाहीं एवढेंच ठरलें; आरोप खोटा होता हें ठरलें नाहीं. या दोहोंतील अंतर तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवितात. आमच्या कित्येक चरित्रकारांनीं तें सोडून दिलें आहे. तिसरें उदाहरण नातू बंधूंचें. प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध तक्रारी मांडणाऱ्यांत त्यांचें नांव होतें. रँडच्या खुनानंतर १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखालीं त्यांस चौकशीवांचून अटकेंत ठेवलें, तें १८९९ पर्यंत. तक्रार करणाऱ्याचें पुढें काय होतें हें पुण्यास यावरून समजलें. टिळकांवरील खटला व दीड वर्षाची शिक्षा वाचकांस परिचित आहे. तिचा विस्तार करीत नाहीं.

४. फल

तात्पर्याचें सर्वांत बळकट लिंग फल होय. नियमाच्या पोटांत काय होतें तें त्याच्या परिणामावरून कळतें.

आर्थर रोडच्या दंग्यानंतर मुंबईंत असें जाहीर झालें कीं ज्यास घरींच नीट वेगळें ठेवून औषधोपचार करतां येईल त्या रोग्यास इस्पितळांत नेणार नाहीं. वाचावयास हा नियम किती समतेचा दिसतो! त्यांत गोरा, काळा, हिंदु, मुसलमान असा एकही शब्द नाहीं. परंतु वेगळी हवाशीर खोली कोणापाशीं होती? मलबार टेंकडीवरील बंगल्यांत होती; कोटांतील व्यापाऱ्याच्या माडींत होती; मांडवीच्या किंवा कामाठीपुऱ्याच्या चाळींत दहा माणसांस मिळून जी एक खोली, तींत ती नव्हती. सम नियम विषम घरांवर पडला म्हणजे विषमच फल देतो. आगगाडीच्या तपासणीचें तेंच. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस फलाटावर रांगेंत उभें करून स्त्रीपुरुषांच्या कांखा व जांघा चांचपल्या जात. वरच्या वर्गाच्या उतारूंशीं अदब राखली जाई. तिकिटाच्या रंगांत कातडीचा रंग मिसळला होता. नियम लिहिणारास द्वेष असण्याचेंही कारण उरलें नाहीं. द्वेषाचें काम नियमानेंच उरकलें.

हें फल साथीबरोबर संपलें नाहीं. मुंबईचें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ त स्थापन झालें. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावे व हवा खेळवावी हा त्याचा हेतु. रस्ते झाले, हवा आली. परंतु जितकीं घरें पाडलीं तितकीं तीं सोडणाऱ्या गरिबांसाठीं उभीं राहिलीं नाहींत, व ते लोक शेजारच्या चाळींत अधिकच दाटीनें शिरले.

५. अन्वय आणि व्यतिरेक

आतां आमच्या मुख्य प्रतिज्ञेची परीक्षा करूं. रँडसाहेबाचा स्वभाव हें कारण असेल, तर जेथें रँड नव्हता तेथें हें कार्य दिसतां नये. ही साथ हाँगकाँगपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत बंदरांबंदरांत गेली, त्यामुळें ताडून पाहण्यास स्थळें पुष्कळ आहेत.

हाँगकाँगमध्यें १८९४ त, रँडच्या तीन वर्षें आधीं, श्रॉपशायर पलटणीच्या सोजिरांनीं चिनी वस्तींतील घरें तपासलीं व धुतलीं. तैपिंगशान हा भाग पुढें पाडून टाकला. तेथें काम केलेले डॉ. लोसन १८९७ त मुंबईस प्लेगच्या कामावर आले, म्हणजे कित्ता व कित्ता गिरविणारा एकाच वाटेनें आला. होनोलुलूंत २० जानेवारी १९०० रोजीं आरोग्य-मंडळानें प्लेगचीं घरें जाळण्यास लावलेली आग वाऱ्यानें पसरली व चिनी वस्ती बेचिराख होऊन चिनी, जपानी आणि हवाई बेटांचे मूळ रहिवासी हजारोंनीं उघड्यावर पडले. केपटाउनमध्यें १९०१ त रोग्यांमध्यें गोरे व मिश्रवर्णीय पुष्कळ असतां हद्दपारी झाली ती आफ्रिकन लोकांची; हजारों मनुष्यें कांहीं आठवड्यांत शहराबाहेर यूटफ्लुख्त येथें नेऊन ठेवलीं. साथ सरली, वसाहत मात्र उठली नाहीं. तीच पुढें नडाबेनी या नांवानें कायम झाली. ज्यास पुढें वर्णद्वेषी राज्यव्यवस्थेचें पूर्ण रूप आलें, त्याचा एक पाया असा आरोग्याच्या नांवानें घातला गेला. जोहान्सबर्गमध्यें १९०४ च्या मार्चांत हिंदी लोकांच्या वस्तींत प्लेग आला. वस्ती म्युनिसिपालिटीनें आपल्या ताब्यांत घेऊन तिची स्वच्छता सोडून दिली होती. रोग येण्यापूर्वींच मोहनदास गांधींनीं अधिकाऱ्यांस लेखी सूचना दिली होती. रोग आल्यावर गांधींनीं व त्यांच्या सोबत्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. म्युनिसिपालिटीनें रहिवाशांस दूर क्लिपस्प्रुटास नेलें व वस्ती जाळली. घाण कोणी सांचविली हें विसरून घाणींत राहणाऱ्यासच घाण ठरविणें, ही रीति पुण्यांत, केपटाउनांत व जोहान्सबर्गांत एकसारखी आहे. रँड मात्र पुण्यांतच होता.

व्यतिरेकाचें उदाहरण सान फ्रान्सिस्कोचें. मार्च १९०० मध्यें तेथें चिनी वस्तीभोंवतीं दोर बांधले. ते गोऱ्यांचीं दुकानें वगळून वळणें घेत गेले. मे महिन्यांत चिनी व जपानी लोकांनीं हाफकिनची लस, मुंबईंत सिद्ध झालेली तीच, टोंचून घेतल्यावांचून शहर सोडूं नये असा हुकूम निघाला. दोन चिनी रहिवासी फेडरल कोर्टांत गेले. न्यायाधीश मॉरो यांनीं मे महिन्यांतच लसीचा हुकूम व १५ जून रोजीं वेढ्याचा हुकूम रद्द केला, कारण दोन्ही एकाच वंशावर रोखलेले होते व अमेरिकेच्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनें सर्वांस समान संरक्षण दिलें होतें. चिनी लोकांविषयीं सान फ्रान्सिस्कोच्या गोऱ्यांस प्रेम होतें असें मुळींच नाहीं. चिनी मजुरांस देशबंदी करणारा १८८२ चा कायदा तेथें चालूच होता. द्वेष पुण्याहून कमी नव्हता. दाद मागण्याची जागा मात्र होती. पुण्यांत ती जागा चौथ्या कलमानें बंद केली होती. तेव्हां फरक स्वभावाचा नसून रचनेचा, ही आमची प्रतिज्ञा अन्वयानें व व्यतिरेकानें, दोन्हींनीं टिकते.

६. आक्षेप व समाधान

पहिला आक्षेप असा येईल कीं रोग भयंकर होता. अशा वेळीं सरकारनें स्वस्थ बसावें काय? बसूं नये. या साथीनें पुढील कांहीं दशकांत हिंदुस्थानांत सुमारें सवा कोटी माणसें नेलीं. रोग्यास वेगळें ठेवण्याची आवश्यकता टिळकांनींही मानली होती. कित्येक अधिकारी व डॉक्टर जीव धोक्यांत घालून राबले, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कठोरपणा आवश्यक होता एवढ्यानें तो एकाच बाजूस कां वळला याचें उत्तर मिळत नाहीं.

शिवाय आवश्यकता ज्या शास्त्रावर उभारली तें शास्त्रच कच्चें होतें. रोग घाणींत, जमिनींत व कपड्यांत आहे असें धरून फरशा उखडल्या, कार्बोलिकाचे लोट सोडले, बिछाने जाळले. पॉल-लुई सिमाँ यानें कराचींत १८९८ च्या जूनांत उंदरावरील पिसवांनीं रोग पसरतो हें प्रयोगानें दाखविलें. कमिशनानें तें मत मानलें नाहीं. १९०५ नंतरच्या मुंबईंतील संशोधनानें तें खरें ठरलें. उंदीर पडूं लागले कीं घर सोडून रानांत झोपडी घालावी, हा खेड्यांतील लोकांचा परिपाठ, ज्यास आरंभीं पलायन म्हटलें, तोच पुढें सरकारनें स्वतः उपदेशिला. पूर्वग्रह कोणाचे होते, याचा विचार या ठिकाणीं अहवालांनीं केलेला नाहीं.

दुसरा आक्षेप आमच्याच घरचा आहे आणि तो अधिक बोंचणारा आहे. वर्णभेदाची गोष्ट इंग्रजास सांगणारे आपण कोण? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पुण्यांतील व मुंबईंतील वरिष्ठ जातींच्या तक्रारींत सोजीर स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरला हें गाऱ्हाणें मोठें होतें, आणि इस्पितळांत हलक्या मानलेल्या जातींशेजारीं निजावें लागतें हेंही तितकेंच मोठें होतें. त्यावरून जातवार इस्पितळें निघालीं. म्हणजे रचनेस नकार देण्याऐवजीं रचनेंत आपणांस वरची जागा मिळावी एवढेंच कित्येकांनीं मागितलें, व सरकारनें तें आनंदानें दिलें. एक भेद दुसऱ्या भेदास टेंकून उभा राहिला. त्या वर्षीं मुंबईंतून सर्व पळाले असते तरी शहर चाललें असतें. हलालखोर पळाले तर चालणार नाहीं, हें भय कमिशनर स्नो यांस होतें आणि तें त्यांनीं लिहून ठेविलें. ज्यांच्या हातांवर शहर तगलें त्यांची ही किंमत सरकारी कागदास कळली. आमच्या वर्तमानपत्रांस ती फारशी कळल्याचें दिसत नाहीं. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या, सोजिरांच्या झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधीं. पुण्याच्या प्लेगच्या इतिहासांत चाफेकर बंधूंचें नांव पहिल्या ओळींत येतें. सावित्रीबाईंचें नांव त्यांच्या शेजारीं यावयास फार वर्षें लागलीं. दोन्ही इतिहासांत, सरकारी काय आणि आपला काय, मोजमाप आधीं ठरलें आणि माणसें मागाहून बसविलीं गेलीं.

७. निष्कर्ष

जबरदस्तीचे उपाय पुढें सैल झाले ते कोणाच्या पश्चात्तापानें नव्हे. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत मदनपुऱ्याच्या विणकरांचा दंगा झाला, इतरत्रही ठिकठिकाणीं लोक उठले, आणि बळानें साथ आवरत नाहीं हें सरकारास उमगलें. रँड गेला, कमिटी मोडली, छावण्या उठल्या, कायदा राहिला. तो २०२० सालीं करोनाच्या साथींत देशभर पुन्हा वापरांत आला. स्वतंत्र देशांत त्यास घटनेचें कुंपण आहे, हें खरें. तरी सत्ता भरपूर आणि दाद अल्प, ही १८९७ ची मांडणी त्याच्या मूळ कलमांत तशीच होती.

यावरून पुढील संशोधकांस आमची सूचना अशी. रँडसाहेबाचें चरित्र पुरेसें झालें. आतां नियमांचा इतिहास लिहिला जावा: कोणता नियम कोणत्या तारखेस निघाला, त्यांतून सूट कोणास मिळाली, जाळलेल्या सामानाचा मोबदला कोणास मिळाला आणि कोणास नाहीं. हा इतिहास मोठ्या ग्रंथांत सांपडणार नाहीं. सेग्रेगेशन छावणीचे पास, सामान जप्त केल्याच्या याद्या, म्युनिसिपालिटीस केलेले अर्ज, गांवाबाहेर झोपडी घालण्याची परवानगी मागणारीं पत्रें, असे कागद जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर व दफ्तरांच्या तळाशीं अजून असतील. सनदा व बखरी जपाव्यात हें आपणांस पटलेलें आहे; या फाटक्या चिठ्ठ्याही त्याच योग्यतेच्या आहेत हें पटावयाचें आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां संशोधनमंडळाकडे नकलेसाठीं द्यावे. सरकारी अहवालांत ज्या क्रियांचा कर्ता गाळला आहे, त्यांचे कर्ते व कर्में या चिठ्ठ्यांतच नांवनिशीवार लिहिलेलीं आढळतील.